मागून आणलेला विस्तव

पौष लागला की आमचा धंदा बसतो. तुळशीचं लग्न लागल्यापासून सुरू झालेली धावपळ मार्गशीर्ष संपता संपता थांबते. हळदी, साखरपुडे, सप्तपदी आणि हल्ली निघालेलं ते प्री-वेडिंग, सगळं एकदम गप्प. पौषात मुहूर्त नसतात. काढीव मुहूर्तावर उरकणारी एखाददुसरी पार्टी असते, पण तेवढ्यावर घर चालत नाही. मग फ्लॅशच्या बॅटऱ्या काढून ठेवायच्या, पावसाळ्यात लेन्सला धरलेली बुरशी साफ करायला टाकायची, गेल्या हंगामातल्या अल्बमांची बाकी गोड आवाजात मागायची. एवढं झालं की महिना मोकळा. गेली तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घरची लग्नं टिपतोय. स्वतःसाठी फोटो काढायला मिळतो तो हा एक महिना, आणि तो नेमका वर्षातला सगळ्यात गारठलेला.

पहाटे साडेपाचला मी कॅमेरा खांद्याला लावतो तेव्हा बायको पांघरुणाच्या आतूनच विचारते, "अहो, आज ऑर्डर नाही ना? मग झोपा की." तिचं काही चुकत नाही. कात्रजला तीन बाजूंनी डोंगर आहेत. रात्रभर उतारांवरून घरंगळत आलेली गार हवा तळाशी साचून राहते, जशी खोलगट ताटात आमटी साचते. ट्रायपॉडचा ॲल्युमिनियमचा पाय हातात धरवत नाही. बोटं इतकी बधिर होतात की शटर दाबलं की नाही, हे आवाजावरून कळतं.

आकडा मात्र आम्हाला वर्तमानपत्रातून कळतो, आणि तो शिवाजीनगरच्या वेधशाळेतून येतो. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला हललं, तेव्हापासून ती इमारत 'सिमला ऑफिस'. पुण्याच्या थंडीचा दाखला सिमल्याच्या नावानं मिळावा, ही खास पुणेरी सोय. याच शहरात १९३५च्या जानेवारीत पारा १.७ अंशांवर उतरल्याची नोंद आहे. हल्ली नऊ अंश झाले तरी आम्ही मफलर बांधून एकमेकांना काश्मीरच्या गोष्टी सांगतो.

तरी मी जातो. का जातो, याचं उत्तर मला बरीच वर्षं देता येत नव्हतं. आता थोडंफार देता येतं, पण त्यासाठी आजीच्या बंबापासून सुरुवात करावी लागेल.

ऐंशीच्या दशकात कात्रज हे घाटाच्या पायथ्याचं गाव होतं. आमच्या घरामागं गोठा, गोठ्याला लागून न्हाणीघर आणि न्हाणीघराच्या दाराशी तांब्याचा बंब. दहावीनंतर मी सातारा रस्त्यावरच्या एका स्टुडिओत उमेदवारी करायला लागलो. मालकांनी अडगळीत टाकलेला एक एनलार्जर मला देऊन टाकला. न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदानं बुजवली, लाल दिवा लावला, तीन ट्रे मांडले. एकात डेव्हलपर, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात हायपो. झाली डार्करूम. संध्याकाळी सगळ्यांच्या आंघोळी आणि हातपाय धुणं आटोपलं की ती माझी.

पहिल्याच हिवाळ्यात प्रिंटा बिघडायला लागल्या. निगेटिव्ह चांगली, कागद नवा, पण फोटो उमटायचा तो राखेत लोळून आल्यासारखा. काळा रंग काळा व्हायलाच तयार नाही. मालकांनी कारण सांगितलं. डेव्हलपर २० अंशांच्या हिशेबानं बनवलेला असतो. त्यात मेटॉल आणि हायड्रोक्विनोन अशी दोन द्रव्यं जोडीनं राबतात. करड्या छटा मेटॉल आणतं, गडद काळेपणा हायड्रोक्विनोन. पाणी १३ अंशांच्या खाली गेलं की हायड्रोक्विनोन जवळजवळ झोपी जातं. एकट्या मेटॉलनं ओढलेला गाडा मग असा अर्ध्यात अडकतो.

आजीला यातलं काही कळत नव्हतं, पण विरजण कळत होतं. "थंडीचं दही लागत न्हाई, तसंच असंल तुझं," ती म्हणाली. तिनं मोठी परात आणली, बंबातलं कढत पाणी तीत ओतलं, त्यात थोडं गार मिसळून कोपर बुडवून पाहिलं आणि म्हणाली, "ठेव तुझं ताट यात." मी ट्रे परातीत ठेवला. लाल उजेडात वाफ वर यायला लागली. मी कोरा कागद डेव्हलपरमध्ये सोडला आणि ट्रे एका कोपऱ्यातून हलकेच हलवत राहिलो. आधी दोन वाकड्या रेघा आल्या. ती आमच्या बैलाची शिंगं. मग डोळा आला, काळाभोर, ओला वाटावा असा. मग हळूहळू सगळा बैल. मागं उभी असलेली आजी म्हणाली, "आला गं बाई!" गाय व्याल्यावर ती ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात.

फोटोला ऊब लागते, हे मी तेव्हा शिकलो. काव्य म्हणून सांगत नाही. थर्मामीटर लावून मोजता येईल अशी ऊब.

बंब पेटवायला आजीनं काडी ओढलेली मी क्वचितच पाहिली. पहाटे ती शेजारच्या घरी जायची, त्यांच्या चुलीतला एक निखारा गोवरीच्या तुकड्यावर घ्यायची, तळहाताचा आडोसा करून आणायची. कधी शेजारीण आमच्याकडे यायची. "काड्यापेटीला पैसं पडत्यात, विस्तवाला पडत न्हाईत," असा तिचा हिशेब. आमचं आणि चुलत घराचं बांधावरून बिनसलेलं होतं. त्यांच्यात आणि आमच्यात विस्तव जात नाही, असं घरात म्हणायचे. लहानपणी मला हा वाक्प्रचार आहे हे माहीतच नव्हतं. मला ती साधी माहिती वाटायची. खरंच जात नव्हता.

भाषेनं वैराची खूण म्हणून तलवार किंवा शिवी न निवडता न गेलेला निखारा निवडला, याचं मला अजूनही नवल वाटतं. ज्या माणसांनी हा शब्दप्रयोग घडवला, त्यांना थंडीच्या दिवसांत विझलेली चूल म्हणजे काय ते ठाऊक होतं. निखाऱ्याचं गणितही त्यांना ठाऊक होतं. निखारा दिल्यानं देणाऱ्याची चूल विझत नाही.

आता उजेडाबद्दल. हिवाळ्यातला उजेड फोटोग्राफरला का आवडतो, याचं उत्तर भूगोलात आहे. मे महिन्यात पुण्याचा सूर्य ऐन डोक्यावर येतो आणि माणसांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतो. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४८ अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे बारा-साडेबाराला माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी. दिवसभर उजेड कडेनं येतो, भिंतींचे पोपडे, म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या, बाजरीच्या भाकरीचा फुगा, सगळ्याला उठाव देतो.

संक्रांतीला दिवस तिळातिळानं वाढायला लागतो असं आपण म्हणतो. ते खरं आहे, पण पहाटे उठणाऱ्याला त्यातली गंमत कळते. पुण्यात सर्वांत उशिरा सूर्य उगवतो तो २१ डिसेंबरला नाही; तो उगवतो जानेवारीच्या मध्यावर, सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. म्हणजे संक्रांतीपर्यंत दिवस वाढलेला असतो तो सगळा संध्याकाळच्या बाजूनं. पहाट मात्र अजून लांबतच असते. भोगीच्या दिवशी घरात तीळ लावलेल्या भाकरी भाजल्या जात असतात आणि मी तलावाच्या काठी सूर्याची वाट बघत वर्षातली सगळ्यात लांब पहाट काढत असतो.

कात्रजचा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळातला. अठराव्या शतकात इथलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळानं शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत नेलं. त्या नळावर हवा खेळती राहावी म्हणून ठिकठिकाणी धुराड्यांसारखी तोंडं बांधली, त्यांना उच्छ्वास म्हणतात. पाण्यालाही श्वास सोडावा लागतो, हे त्या काळच्या कारागिरांना माहीत होतं. हिवाळ्याच्या पहाटे तो डोळ्यांना दिसतो. दिवसभर खाल्लेलं ऊन पाणी रात्री जपून ठेवतं आणि वरची हवा मात्र चटकन गार होते. मग उबदार पाण्यातून वाफ उठते आणि हातभर वर गेल्यावर थिजून धुकं होते. जलपर्णीच्या हिरव्या थराला जिथं फट असते, तिथूनच ती उठते. काठावर उभं राहून मी श्वास सोडतो, तोही तसाच पांढरा.

एकाच जागी रोज उभं राहण्याची ही खोड मला दादासाहेब फाळक्यांच्या गोष्टीवरून लागली. १९१२ साली त्यांनी कुंडीतलं वाटाण्याचं रोप वाढताना टिपलं, रोज थोडं थोडं, आणि ते जोडून दाखवलं तेव्हा बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत रोप उगवलं. वाटाणा हे थंडीचंच पीक. मी काही रोप वाढवत नाही, पण महिनाभर तलावाचा तोच कोपरा टिपतो. तीस फोटोंतले अठ्ठावीस सारखेच निघतात. उरलेल्या दोनसाठी जायचं.

तलावाच्या काठाशीच प्राणिसंग्रहालय आहे. आधी, १९८६ साली, इथं सर्पोद्यान झालं, नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारानं. पेशवे पार्कातले प्राणी नंतर आले. हिवाळ्यात सापांचा फोटो काढायचा तर सकाळी ऊन पडल्यावर जावं. साप तेव्हा उन्हात अंग पसरून पडलेला असतो. सापाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. तो ती उन्हाकडून घेतो, तापलेल्या दगडाकडून घेतो. पुस्तकात त्याला थंड रक्ताचा म्हणतात. काचेपलीकडच्या त्या धामणीकडे बघताना एकदा माझ्या मनात आलं की आपली जात हीच. फोटोग्राफरच्या पेटीत लेन्सा असतात, फिल्टर असतात, पण ऊब नसते. ती प्रत्येक वेळी बाहेरून आणावी लागते. प्रश्न एवढाच की मागून आणायची की उचलून.

उचलून आणण्याची सोय कॅमेऱ्यात चांगली करून ठेवली आहे. उजेडाचा रंग आम्ही केल्व्हिनमध्ये मोजतो. मेणबत्तीचा उजेड १९०० केल्व्हिनच्या आसपास, जुन्या पिवळ्या बल्बचा २८००, दुपारच्या उन्हाचा ५५००, आणि सावलीतला निळसर उजेड ७००० च्या पुढं. आता गंमत बघा. भौतिकशास्त्राच्या हिशेबानं वस्तू जितकी जास्त तापते तितका तिचा उजेड निळा होतो. आपण ज्याला उबदार रंग म्हणतो, तो मुळात कमी तापलेल्या गोष्टीचा. आणि गार म्हणतो तो निळा जास्त तापलेल्याचा. फोटोतली ऊब आपल्याला सरळ कात्रजचा घाट दाखवते.

या वाक्प्रचाराच्या गावात राहण्याचे काही फायदे आहेत. मुंबईचे पाहुणे आले की हमखास विचारतात, "हाच का तो घाट?" हाच. १६६३च्या एप्रिलमध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाइस्तेखानाची बोटं छाटली. मग पाठलागावर निघालेल्या फौजेला चकवायला बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटात सोडले आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मोगल उजेडाच्या मागं धावले. उजेडाखाली माणूस नव्हता. तेव्हापासून कुणाला चकवलं की त्याला कात्रजचा घाट दाखवला.

मला या कथेत फोटोग्राफीचा धडा दिसतो, आणि तो फारसा सुखाचा नाही. जुन्या बोगद्याच्या वरच्या अंगाला, वाघजाईच्या देवळाजवळून, मी पौषातल्या रात्री ट्रायपॉड लावतो. शटर तीस सेकंद उघडं ठेवतो. ट्रक वळणं घेत चढतात. गाड्या काळोखात विरघळतात आणि कागदावर उरतात फक्त त्यांच्या दिव्यांच्या रेघा, समोरून येणाऱ्यांच्या पांढऱ्या, पाठमोऱ्यांच्या लाल. शनिवारी रात्री केटूएसला, म्हणजे कात्रज ते सिंहगड पायी, निघालेल्या पोरांच्या हेडलॅम्पांची माळ सिंहगडाच्या दिशेनं टेकड्या चढत-उतरत जाते. साडेतीनशे वर्षांनंतरही घाटात पलिते पळताहेत, असं ज्याला त्याला वाटावं. हे फोटो विकले जातात. लग्न ठरलेली पोरंपोरी त्या रेघांसमोर उभी राहायला पैसे देतात. पण त्या तीस सेकंदांत केबिनमध्ये कांबळं गुंडाळून बसलेला ड्रायव्हर कुठंच नसतो.

आणि संगणकावर तर काय, एक पट्टी सरकवली की झालं. पूर्वी आमच्या रस्त्यांवर सोडियमचे दिवे होते, त्यांचा उजेड आपोआप पिवळाजर्द पडायचा. ते जाऊन पांढरे एलईडी आले आणि रात्रीच्या फोटोतून पिवळेपणा गेला. तो उरला फक्त चहाच्या गाड्यांपाशी आणि शेकोट्यांपाशी. मग मंडपातल्या पांढऱ्या दिव्यांखाली कुडकुडत बसलेल्या वऱ्हाडावर मी घरी बसून सोनेरी उजेड ओततो. वधूची आई अल्बम बघून म्हणते, "किती छान वाटतंय!" वाटतंय खरं.

पण ही धंद्यातली लबाडी झाली. माझ्या हातून झालेली खरी लबाडी वेगळी आहे.

सहा वर्षांपूर्वीचा पौष. डोंगराच्या उतारावर एक इमारत उठत होती. पहाटे तिथून जाताना रस्त्यावरून मला सांगाड्याच्या पोटात आग दिसली. सिमेंटचं एक जुनं घमेलं, त्यात सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे पेटवलेले. शेजारी राखणदार, त्याची बायको आणि पोत्याच्या घडीवर बसलेली चारेक वर्षांची मुलगी. मी रस्त्यावरूनच लांबची लेन्स लावली आणि तीन फोटो घेतले. चौथ्याला राखणदारानं मान वळवली.

"कोण हाय?"

मी कॅमेरा वर करून दाखवला. मला वाटलं आता हाकलणार.

"लांबनं काय काढताय?" तो म्हणाला. "या, शेका की जरा. फोटू कुठं पळून चाललाय?"

मी जाऊन उकिडवा बसलो. ती माणसं धाराशिवकडची. तिकडं प्यायला पाणी नाही म्हणून इकडं आलेली, आणि इथं दिवसभर पाणीच मारायचं, भिंतींवर, स्लॅबवर, हे तो हसत सांगत होता. बाईनं तीन विटांच्या चुलीवर तवा ठेवला. मुलगी माझ्या लेन्सच्या काचेत स्वतःला शोधत होती. मी लांबची लेन्स काढून पन्नासची लावली. तिनं दोन्ही तळवे घमेल्यावर धरले. निखाऱ्याचा उजेड तिच्या बोटांच्या आरपार आला आणि बोटांच्या कडा लाल झाल्या, कोवळ्या पानातून ऊन यावं तशा. मागं बापाचे हात होते, सिमेंटनं भेगाळलेले, त्यांतून काही आरपार येत नव्हतं. एकाच चौकटीत ते चार हात. मी श्वास धरून शटर दाबलं. माझी बोटं बधिर नव्हती.

बाईनं अर्धी भाकरी हातावर ठेवली, वर लसणाची चटणी. मी उठलो तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, एक फोटू द्याल का? लेकीचा एकबी न्हाई."

"देतो की," मी म्हणालो. "आठ दिवसांत आणून देतो."

आठ दिवसांनी माघ लागला आणि मुहूर्त उघडले. एका दिवसात दोन-दोन कार्यालयं गाठायची, तिथं घमेल्यातली शेकोटी कुठून आठवणार? तो फोटो मी एका प्रदर्शनाला मात्र आठवणीनं पाठवला. त्याला बक्षीस मिळालं. बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांनी भाषणात 'मानवी ऊब' असा शब्द वापरला आणि मी मान लववली. त्या रात्री मला फोटो मागणारी बाई आठवली. दुसऱ्या दिवशी मोठी प्रिंट काढून मी उतारावर गेलो, तर इमारतीला रंग लागलेला. फाटकाशी गणवेशातला रखवालदार. "इथं कुणी फॅमिली राहत नव्हती," तो म्हणाला. मी पुढच्या साइटवर विचारलं, त्याच्या पुढच्या साइटवर विचारलं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "अशी लई येत्यात न जात्यात."

त्यांच्या शेकोटीवर मी हात शेकले, त्यांची भाकरी खाल्ली, त्यांचा उजेड घरी नेला, आणि त्यांना कात्रजचा घाट दाखवला. तोही कात्रजमध्ये.

आमच्या धंद्यात "फोटो पाठवतो" हे सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं खोटं वाक्य असेल. बोलताना कुणाचाच हेतू वाईट नसतो. पलिता बांधलेल्या बैलाचा तरी कुठं असतो?

त्यानंतर मी एक नेम केला. ज्याचा फोटो काढला त्याला दुसऱ्या दिवशी प्रिंट. मोबाइलवर नाही, कागदावर. पौषात मला वेळ असतो आणि माणसं रोज त्याच जागी असतात. त्यामुळं माझी पहाट बदलली. पूर्वी मी उजेड शोधत फिरायचो, आता वाटायच्या पाकिटांच्या क्रमानं फिरतो. पहाटे दुधाचे क्रेट उतरवणारा पोरगा, मग चौकात चहाची गाडी लावणारे मामा, मग रस्ता झाडणाऱ्या ताई.

मामांनी स्वतःचा फोटो गाडीच्या काचेवर, दरपत्रकाशेजारी चिकटवला. महिनाभरात चहाच्या वाफेनं तो सुरकुतला. "माझ्यासारखाच झाला," ते म्हणाले आणि दुसरा मागितला. ताईंनी खराटा बगलेत धरून फोटो बराच वेळ न्याहाळला. "माझे केस एवढे पांढरे झाले व्हय?" एवढंच बोलल्या आणि जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवून पुढं झाडायला लागल्या. मला वाटलं नाराज झाल्या. दोन दिवसांनी मी वाकून फोकस करत होतो तर मागून आवाज आला, "दादा, थांबा, हिला बी घ्या," आणि त्या आपल्या जोडीदारणीला हाताला धरून घेऊन आल्या. असं एका घरचा विस्तव दुसऱ्या घरी जावा तसं चाललं आहे. कोणता फोटो काढायचा, हे हल्ली पुष्कळदा मला ठरवावं लागत नाही.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम मी पुन्हा पुन्हा बघतो. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो कृष्णधवल आहेत. त्यांत पिवळा नाही, सोनेरी नाही. केल्व्हिनची पट्टी सरकवायला जागाच नाही. गटारात उतरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कोणता उबदार रंग असणार? तरीही ते बघताना गार वाटत नाही. मला त्याचं कारण अंतरात दिसतं. कॅमेरा त्या माणसांच्या इतका जवळ आहे की त्यांनी बोलावल्याशिवाय तिथं पोचताच आलं नसतं. माझी पन्नासची लेन्स आणि लांबची लेन्स यांतला फरक मी आयुष्यभर मिलिमीटरमध्ये सांगत आलो. तो फरक त्या राखणदारानं एका वाक्यात सांगितला होता: लांबनं काय काढताय?

आजी जाऊन आता वीस वर्षं झाली. बंब माळ्यावर आहे, तांब्याला हिरवट कळा आली आहे. डार्करूमची गरज संपली, प्रिंट यंत्रातून कोरडी बाहेर पडते. परवा पहाटे चौकातल्या मामांनी भट्टी पेटवली, तेव्हा त्यांच्याकडं लायटर नव्हता. शेजारच्या पोहेवाल्याकडून त्यांनी जळता कागद आणला, तळहाताचा आडोसा करून. मी कॅमेरा उचलेपर्यंत भट्टी पेटलीही होती. मामा म्हणाले, "ऱ्हायलं ना? उद्या पुन्हा आणतो, काढा."

या पौषात मी तेवीस प्रिंटा वाटल्या. एक टेबलाच्या खणात आहे, सहा वर्षांपासून. ती मुलगी आता दहा वर्षांची झाली असेल. पाकिटावर नाव लिहिलेलं नाही; मी ते विचारलंच नव्हतं.